दुकान अडचणीत आलं की पहिले तेरा आठवडे

तोट्यात गेलेलं दुकान बरेच महिने चालू राहू शकतं. गल्ला रिकामा झालेलं दुकान मात्र आठवडाभरात शटर ओढतं. या दोन अवस्थांमध्ये जो काळ मिळतो, त्यातच मदत करता येते. शहराच्या मध्यवस्तीतल्या बाजारपेठेत मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, अशा दुकानांसोबत आम्ही या काळात बसतो. काम कुठून सुरू होतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहितो आहोत. दुकानदाराला ते उपयोगी पडावं. पेठेतलं ते दुकान टिकावं असं मनापासून वाटणारं गिऱ्हाईक, जागामालक आणि शेजारचा दुकानदार यांनाही आपल्याकडून नेमकं काय हवं आहे हे त्यातून कळावं.

पहिली बैठक दुकान बंद झाल्यावर, दुकानातच. सोबत लागतं ते असं: गेल्या बारा महिन्यांची महिनावार विक्री, बँक खात्याचा तीन महिन्यांचा उतारा, भाडेकरार, कर्जाचे कागद आणि न फोडलेली पाकिटं. शेवटची गोष्ट मुद्दाम मागावी लागते. गल्ल्याखालच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे, रबरबँड लावलेला पाकिटांचा गठ्ठा बहुतेक ठिकाणी निघतो. वरची पाकिटं ताजी, खालच्यांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. ती एकट्याने फोडायचा धीर होत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून एकाने फोडायचं, दुसऱ्याने लिहायचं. रकाने चार: कोणाचं देणं, किती, कधीपर्यंत, आणि दिलं नाही तर काय होईल. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. कोणी व्याज लावेल, कोणी माल थांबवेल, कोणी वीज तोडेल, कोणी कोर्टात जाईल. या धोक्यांचं वजन सारखं नसतं, पण महिनोन्‌महिने न बघितल्यामुळे ते सारखेच भयंकर वाटू लागलेले असतात. या कामाला साधारण तीन तास लागतात. त्या रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, एवढं आम्ही कटाक्षाने पाळतो.

दुसऱ्या बैठकीत तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता. तेरा अशासाठी की ती तिमाही होते: भाड्याचे तीन महिने, पगाराचे तीन फेरे आणि बहुतेक पुरवठादारांची उधारीची मुदत त्यात येऊन जाते. उभे तेरा रकाने, आठवड्याला एक. माथ्यावर आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, मग येणारा पैसा, त्याखाली जाणारा पैसा आणि तळाशी आठवड्याअखेरची शिल्लक. तीच पुढच्या रकान्याच्या माथ्यावर जाते. संगणकावर करा किंवा कागदावर पेन्सिलीने करा. आमचा कल पेन्सिलीकडे आहे, कारण खोडून पुन्हा लिहिताना आकडा दुकानदाराच्या हाताखालून जातो आणि लक्षात राहतो.

तक्ता चुकतो तो ठरलेल्या चार-पाच जागी. कार्डाने झालेली विक्री त्याच दिवशी धरली जाते. प्रत्यक्षात ती एक-दोन दिवसांनी आणि शुल्क कापून जमा होते. विक्रीबरोबर गोळा केलेला कर आपलाच पैसा म्हणून धरला जातो आणि भरायच्या तारखेला खड्डा पडतो. वर्षातून एकदाच येणारा विमा, परवान्याचं नूतनीकरण, हिशेबनिसाची फी राहून जाते. घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेली रक्कम तर कुठेच लिहिलेली नसते. ती लिहायला लावताना थोडं नाजूकपणे वागावं लागतं, पण ती लिहिल्याशिवाय तक्त्याला अर्थ नाही. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आशेने भरलेली विक्री. ‘सणासुदीला उठाव येईल’ हे वाक्य आकड्यात उतरवू नये. आम्ही गेल्या चार आठवड्यांची सरासरी घेतो, त्यातून आणखी १० टक्के वजा करतो आणि तेरा रकाने त्यावर भरतो. हंगामाची वाढ प्रत्यक्ष आली तर ती वरकड समजायची.

तळाची शिल्लक ज्या आठवड्यात पहिल्यांदा शून्याखाली जाते, त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचा. इथून पुढचं सगळं काम म्हणजे तो गोल उजवीकडे सरकवणं. कोणी कितीही चांगली कल्पना आणली, तरी आमचा पहिला प्रश्न एकच असतो: याने गोल किती आठवडे पुढे जातो?

त्यासाठी दुकानाचं गणित एकदा उघडं करावं लागतं. समजा नेहमीची महिन्याची विक्री १०० आहे. मालाची खरेदी ७०, उरले ३०. भाडं, पगार, वीज, विमा, हप्ते मिळून २४. मालकाच्या हाती ६. आता विक्री ३० टक्क्यांनी घसरून ७० वर आली. मालाचा खर्च ४९ झाला, उरले २१. पण वरचे २४ जागचे हलत नाहीत. सहाचा नफा जाऊन तीनची तूट आली. या दुकानाची ना नफा ना तोटा ही रेषा ८० वर आहे, कारण ८० चे ३० टक्के म्हणजे २४. प्रत्येक दुकानदाराला हा आपला आकडा महिन्याच्या दिवसांनी भागून, रोजच्या विक्रीच्या रूपात पाठ असायला हवा. संध्याकाळी गल्ला मोजताना आजचा दिवस रेषेच्या वर गेला की खाली, हे त्याला त्याच क्षणी कळतं.

गिऱ्हाईक कमी झालं की हात पहिल्यांदा सवलतीच्या पाटीकडे जातो. इथे आम्ही हात धरतो. १०० ला विकली जाणारी वस्तू ७० ला आणलेली आहे. तिच्यावर १० टक्के सूट दिली की सुटणारे ३० चे २० होतात. आधीइतकेच पैसे सुटायला दीडपट नग विकावे लागतील. २० टक्के सूट दिली तर सुटतात १०, म्हणजे तिप्पट नग विकायला हवेत. मंदीच्या महिन्यात तिप्पट गिऱ्हाईक कुठून आणणार? उलट किंमत ५ टक्क्यांनी वाढवली, तर नगांची विक्री १४ टक्क्यांनी घटली तरी दुकानात तेवढेच पैसे उरतात. सगळ्याच वस्तूंची किंमत वाढवता येत नाही; ज्यांची किंमत गिऱ्हाइकाला तोंडपाठ असते त्यांना हात लावू नये. पण प्रत्येक दुकानात अशाही वस्तू असतात ज्या लोक किमतीसाठी नव्हे, तर दुकानदाराच्या सल्ल्यासाठी तिथून घेतात. वाढ तिथे करायची. सवलतीची चढाओढ लहान दुकानाला कशी मारते हे फ्रान्सने फार आधी ओळखलं. सांस्कृतिक मंत्री झाक लांग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या कायद्याने तिथे नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला त्यावर जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते. पुस्तकाचं छोटं दुकान आणि मोठी साखळी किमतीच्या बाबतीत एका पातळीवर आली.

आता कपाटं. अडकलेला पैसा बहुतेक वेळा तिथेच असतो. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठ्याची खरेदी किंमत, म्हणजे मालाची उलाढाल. उत्तर ४ आलं तर तीन महिन्यांचा माल पडून आहे, २ आलं तर सहा महिन्यांचा. पण हा सगळ्या दुकानाचा सरासरी आकडा फसवतो, कारण पाव कपाट धावत असतं आणि पाव कपाट झोपलेलं असतं. झोपलेलं कपाट शोधायला आम्ही रंगीत ठिपके वापरतो. महिन्याला एक रंग. माल आला की त्या महिन्याच्या रंगाचा बारीक ठिपका वेष्टनाच्या खालच्या कोपऱ्यात लावायचा. चार महिन्यांनी दुकानात नुसती एक चक्कर मारली तरी जुना रंग कुठल्या फळीवर दाटला आहे ते दिसतं. वही उघडायची गरज पडत नाही. जुन्या साठ्यावर ठिपके नसतातच, तिथे अंदाजाने सर्वांत जुना रंग द्यायचा.

झोपलेल्या मालाची खरेदी किंमत वसूल झालीच पाहिजे, हा हट्ट सोडवणं कठीण जातं. ते पैसे कधीच गेलेले आहेत. आता प्रश्न एवढाच की त्या वस्तूतून आज किती रोकड सुटते. सूट द्यायचीच तर ती फक्त याच मालाला, एका कोपऱ्यात, संपायची तारीख लिहून. दुकानभर पाटी लावली की धावता मालही स्वस्तात जातो. आणि इथे एक घात नेहमी होतो: कोपरा रिकामा करून आलेला सगळा पैसा जुनी बिलं भागवण्यात जातो, धावत्या मालाची फळी ओस पडते आणि दोन वेळा परत गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून सुटलेल्या पैशातला निम्मा वाटा धावत्या मालाच्या खरेदीसाठी आधीच बाजूला काढायचा.

देणी कोणत्या क्रमाने द्यायची, यावर सगळ्यांत जास्त वाद होतो. दमलेला दुकानदार सहसा जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी देतो, किंवा सगळ्यांना थोडं थोडं देऊन कोणालाच शांत करत नाही. आमचा क्रम असा: माणसांचे पगार आणि गोळा केलेला कर पहिले. मग ज्याशिवाय शटर उघडत नाही ते, वीज आणि विमा. मग धावता माल देणारे पुरवठादार. मग भाडं, आणि त्याबद्दल आधी बोलणं झालेलं असलं पाहिजे. तारणाचं आणि बिनतारणाचं कर्ज वेगवेगळं बघावं लागतं, आणि कायदा देशोदेशी वेगळा असल्याने कर्ज थकण्याच्या टप्प्यावर हिशेबनीस आणि वकील या दोघांना विचारल्याशिवाय क्रम पक्का करू नये. दुकानाच्या जुन्या देण्यासाठी घर गहाण टाकणं किंवा स्वतःच्या नावावर नवं कर्ज घेणं, याला आम्ही अगदी स्पष्ट शब्दांत विरोध करतो. नवं कर्ज घ्यायचंच असेल तर ते तक्त्यात भरून बघावं. हप्ते सुरू झाल्यावर लाल गोल पुन्हा डावीकडे आला, तर त्या कर्जाने नुसता त्रास वाढवला.

जागामालकाशी बोलणं भाडं थकण्याआधी व्हायला हवं. थकल्यानंतर तीच विनंती सबब वाटते. हातात तक्ता आणि एक पानी प्रस्ताव घेऊन जायचं: काय हवं, किती महिन्यांसाठी, आणि त्या बदल्यात काय देणार. ‘पुढे ढकलणं’ आणि ‘माफ करणं’ यातला फरक नीट समजून घ्यावा. तीन महिने निम्मं भाडं पुढे ढकललं आणि ते नंतरच्या बारा महिन्यांत फेडायचं ठरलं, तर दीड महिन्याचं भाडं बारांत विभागलं जातं. म्हणजे वर्षभर दरमहा साडेबारा टक्के जास्त. विक्री परत पूर्वपदावर आली नाही, तर हेच ओझं पुढच्या वर्षी दुकान बुडवतं. आम्ही शक्यतो विक्रीशी बांधलेलं भाडं मागतो: ठरावीक कमी रक्कम, आणि विक्री एका आकड्याच्या वर गेली की त्यावरच्या भागातला काही टक्के हिस्सा. जागामालकाच्या बाजूनेही हिशेब मांडून न्यावा. पाच महिने २० टक्के सूट दिली, तर त्याचं एका महिन्याचं भाडं जातं. दुकान रिकामं झालं आणि नवा भाडेकरू दोनच महिन्यांत मिळाला, तरी त्याचं दुप्पट नुकसान आहे. शिवाय नवा भाडेकरू सुरुवातीची सवलत मागणारच. हे शांतपणे दाखवलं की बरेच जण ऐकतात. जे ठरेल ते लिहून, दोघांच्या सह्या घेऊनच उठायचं. तोंडी सवलत सहा महिन्यांनी थकबाकी म्हणून परत आलेली आम्ही पाहिली आहे.

पुरवठादाराकडे जास्त मुदत मागण्याआधी लहान लॉट मागा. महिन्याचा माल एकदम घेण्याऐवजी आठवड्याचा घेतला की साठ्यात अडकलेला पैसा कमी होतो आणि पुरवठादाराचाही धोका घटतो, म्हणून तो लवकर हो म्हणतो. विकल्यावर पैसे, न विकल्यास परत, ही बोली नव्या वस्तूंसाठी करून बघण्यासारखी आहे.

गिऱ्हाइकाची मदत कशी घ्यावी, यात भावना खूप आणि हिशेब कमी असतो. २०२० च्या टाळेबंदीत जगभर लोकांनी आपल्या आवडत्या दुकानांची कुपनं आगाऊ पैसे भरून घेतली. त्या पैशाने कित्येकांना तेव्हा तग धरता आला. पण कुपन म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज. आपल्या उदाहरणात १०० चं कुपन विकलं की त्यातले ७० उद्या द्यायच्या मालाचे असतात. आज वापरता येतात ते ३०. ते ७० वेगळ्या खात्यात ठेवले नाहीत, तर दोन महिन्यांनी कुपनं घेऊन आलेल्या गर्दीसमोर माल संपतो आणि गल्ल्यात एक पैसाही येत नाही. यावर उपाय साधा आहे. एका मोठ्या कुपनाऐवजी चार लहान कुपनं द्या, प्रत्येकावर वेगळ्या महिन्याची ‘या तारखेनंतर वापरता येईल’ अशी नोंद करा, क्रमांक टाका, वहीत नोंदवा, आणि एकूण न वटलेली कुपनं एका महिन्याच्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. कुपनाच्या मुदतीबद्दल आपल्याकडचा नियम आधी बघून घ्यावा.

गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला काही करायचं असेल तर सर्वांत आधी तुमच्याकडे राहिलेली दुकानाची उधारी देऊन टाका. दुकानदार ती मागत नाही, कारण त्याला संबंध बिघडायची भीती असते. त्यानंतर नेमाने लागणारी एखादी वस्तू कायमची त्या दुकानाकडे वळवा. वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या खरेदीपेक्षा दर आठवड्याच्या छोट्या खरेदीने तक्ता सावरतो, कारण ती आधी लिहून ठेवता येते. हवं ते दुकानात नसेल तर मागवायला सांगा, थोडी आगाऊ रक्कम द्या आणि आलं की लगेच घेऊन जा. मागवून न नेलेली वस्तू म्हणजे आणखी एक जुना ठिपका. शाळा, कार्यालयं, संस्था मोठी मागणी देतात तेव्हा त्यांचं मन चांगलं असतं, पण पैसे साठ दिवसांनी मिळणार असतील आणि पुरवठादाराला तीस दिवसांत द्यायचे असतील, तर मधल्या तीस दिवसांत तीच मागणी दुकानाचा गळा आवळते. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली सात दिवसांत, हे त्यांनी आपणहून कबूल करावं. मोठ्या मागणीइतकंच या मुदतीचंही मोल आहे.

एका दिवसाच्या गर्दीबद्दल. अमेरिकेत बफेलो शहरात २०११ मध्ये लोकांनी ठरवून एका छोट्या दुकानात एकदम खरेदीला जायचा प्रकार सुरू झाला आणि तो इतरत्र पसरला. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने नोव्हेंबरातला एक शनिवार छोट्या दुकानांसाठी म्हणून सुरू केला. ब्रिटनमध्ये तसाच शनिवार २०१३ पासून पाळला जातो. असा दिवस उपयोगी पडतो, पण तयारी असेल तरच. गल्ल्यावर एक जास्तीचं माणूस, सुट्टे पैसे, धावत्या मालाचा दीडपट साठा, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा संपर्क त्याच्या संमतीने लिहून घ्यायची वही. वही नसेल तर गर्दी ओसरते आणि हाती काही राहत नाही. शिवाय त्या दिवशीची काही विक्री पुढच्या आठवड्यातून उचललेली असते, म्हणून तो आकडा बाजूला ठेवूनच सरासरी काढावी.

एकट्या दुकानाने कितीही केलं तरी शेजारची तीन दुकानं बंद असतील तर पावलं त्या रस्त्याला वळत नाहीत. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांचं गिऱ्हाईक मॉल आणि भुयारी रेल्वे आल्यावर दुसरीकडे वळू लागलं. त्यांनी प्रत्येक व्यावसायिकाकडून सक्तीची वर्गणी घेता येईल अशी तरतूद करवून घेतली आणि १९७० मध्ये अशा वर्गणीवर पेठेची सुधारणा करणारं जगातलं पहिलं क्षेत्र तिथे उभं राहिलं. सक्तीची वर्गणी हा शब्द कटू वाटतो, पण ऐच्छिक वर्गणीत नेहमी त्याच पाच जणांच्या खिशाला खार लागतो आणि दोन वर्षांत ते दमतात. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन छोट्या गावांत मुख्य बाजारपेठ सावरायचा प्रयोग केला; १९८० मध्ये त्यातून देशभराचा कार्यक्रम झाला. त्यातून आम्ही घेतलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक गावात या कामासाठी नेमलेला पूर्णवेळ माणूस. दुकानदाराने दुकान सांभाळून पेठेचं काम करावं, ही अपेक्षा टिकत नाही. पॅरिसने २००४ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: पालिकेच्या अखत्यारीतल्या कंपनीने तळमजल्यावरचे गाळे विकत घ्यायचे आणि पुस्तकांच्या दुकानांसारख्या स्वतंत्र व्यवसायांना भाड्याने द्यायचे.

एवढी ताकद नसलेल्या पेठेला सुरुवातीला दोन गोष्टी पुरेत. रिकाम्या गाळ्यांच्या काचेत शेजारच्या दुकानांचा माल मांडून संध्याकाळी दिवा लावायचा. काळोखा गाळा दोन्ही बाजूंच्या दुकानांचं गिऱ्हाईक तोडतो. आणि सगळ्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ तरी एकाच वेळेपर्यंत उघडं ठेवायचं. हे ऐकायला सोपं आणि घडवायला अवघड आहे. दहातली चार दुकानं आधी बंद झाली की दोन फेऱ्यांत लोक यायचे थांबतात.

या सगळ्यात मालकाची झोप उडालेली असते. आठवड्यातला एक ठरलेला तास, शक्यतो सोमवारी सकाळी, आम्ही सोबत बसतो: गेलेल्या आठवड्याचे खरे आकडे लिहायचे, तो रकाना खोडायचा, उजवीकडे नवा चौदावा रकाना जोडायचा. त्या तासात फोन उचलायचा नाही. पाकिटं आता त्याच तासात, त्याच दिवशी फोडली जातात.

थांबायचं कधी, हेही पहिल्याच महिन्यात, डोकं शांत असताना लिहून ठेवलेलं बरं. आमची खूण अशी: भाडं कमी झालं, कपाट हललं, तरी सलग आठ आठवडे विक्री रेषेच्या खाली राहिली आणि लाल गोल पुढे सरकत नसेल, तर बंद करण्याचा तक्ता वेगळा मांडायचा. त्यात माणसांच्या नोटिशीचे पगार, न वटलेली कुपनं, कर आणि पुरवठादार यांच्यापुरते पैसे शिल्लक असतानाच तारीख ठरवायची. कायद्याने क्रम घालून दिला असेल तर तोच पाळायचा. मग कुपनवही काढायची, क्रमांकाने एकेकाला फोन करायचा आणि शेवटच्या तारखेच्या आत येऊन हवं ते घेऊन जा, नाहीतर पैसे परत घ्या, असं सांगायचं. हे फोन मालकाने स्वतः करावेत. पुढे कधी त्याने पुन्हा शटर उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक या वहीतूनच येतं.